विष्णु दिगंबर पलुसकर

विष्णु दिगंबर पलुसकर (जन्म : कुरुंदवाड, १८ ऑगस्ट १८७२, मृत्यू : मिरज, २१ ऑगस्ट १९३१) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि संगीतप्रसारक होते. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. भजनगायक आणि राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाणारे गायक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र गाण्याशी पिढीजात संबंध नसलेल्या घरांतील मुलामुलींना लय आणि ताल समजावून देण्याची, तसेच तबला व मृदंग ही वाद्ये शाळेच्या वर्गात आणण्याची जी व्यवस्था त्यांच्या विद्यालयात उभी राहिली, तिच्याकडे चरित्रकारांचे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राबरोबर या अंगाचा काहीसा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

बालपण आणि कीर्तनाचा संस्कार

विष्णु दिगंबर यांचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस या गावावरून घराण्यास पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे संगीताचा पहिला संस्कार त्यांना घरातच लाभला, आणि तो केवळ स्वरांचा नव्हता. कीर्तनकाराच्या हातातील चिपळ्या, मागे उभ्या असलेल्या साथीदारांची झांज आणि बाजूला मृदंग वा तबला यांवाचून हरिदासी कीर्तन उभे राहत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे जे चार वर्ग केले आहेत, त्यांतील दोन तालाशी निगडित आहेत : चामड्याने मढविलेली अवनद्ध वाद्ये आणि धातूची वा लाकडाची, आघाताने वाजणारी घनवाद्ये. कीर्तनाच्या एका बैठकीत हे दोन्ही वर्ग मुलाच्या डोळ्यांसमोर वाजत असतात. मृदंग हे अवनद्ध वाद्य, तर टाळ, झांज आणि चिपळ्या ही घनवाद्ये.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही परंपरा आजही जिवंत आहे. बुलढाणा जिल्ह्यात शेगावला येणाऱ्या दिंड्या पाहिल्या, तर टाळकऱ्यांच्या रांगेत मोठ्यांच्या पावलाशी पाऊल जुळवीत टाळ वाजविणारी लहान मुले हमखास दिसतात. मात्रा म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, तरी त्यांचा टाळ चुकत नाही. विष्णु दिगंबर यांच्या पुढील कार्याचे मर्म समजण्यासाठी हे ध्यानात घेणे उपयुक्त ठरते. जे ज्ञान कीर्तनकाराच्या वा भजनी मंडळातील मुलाला ऐकूनच मिळते, ते ज्या मुलाला असे वातावरण लाभले नाही त्याला कसे द्यावयाचे, हा प्रश्न त्यांना सोडवावयाचा होता.

बालवयातच त्यांच्यावर एक मोठे संकट कोसळले. नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याचा स्फोट होऊन त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाचा मार्ग त्यामुळे खुंटला. उपचारांच्या निमित्ताने ते मिरजेस आले आणि तेथेच गायन शिकण्याचे ठरले.

मिरजेतील शिक्षण

मिरज संस्थानात त्या वेळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) हे ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक राहत होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. संस्थानाधिपतींच्या आश्रयाने विष्णु दिगंबर त्यांच्याकडे शिकू लागले आणि सुमारे नऊ वर्षे त्यांनी गुरुगृही विद्याभ्यास केला. शिक्षणाची रीत जुनीच होती. गुरूची सेवा करावी, गुरू जेव्हा व जे सांगतील ते कंठस्थ करावे, आणि शंका सहसा विचारू नये. वह्या नाहीत, पाठ्यक्रम नाही, ठरलेली वेळ नाही. या पद्धतीतून उत्तम गायक घडत, यात संशय नाही. परंतु कोणी किती वर्षांत काय शिकेल, याचा कोणताही अंदाज शिष्याला वा त्याच्या पालकांना करता येत नसे.

गायकवादकांना समाजात मिळणारे गौण स्थान त्यांना याच काळात तीव्रतेने जाणवले. प्रतिष्ठितांच्या समारंभांना खुद्द गुरुजींसही मानाचे निमंत्रण नसते, हे त्यांच्या मनाला लागले, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

देशभ्रमण

औंध, सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते उत्तरेकडे गेले. या प्रवासात राजकोट येथे त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. राजदरबार किंवा धनिकाचा दिवाणखाना यांच्याबाहेर, पैसे देऊन कोणालाही ऐकता येईल अशी ही बैठक त्या काळी नवलाईची होती. मथुरेच्या मुक्कामात त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. त्यानंतर पंजाबातून ते लाहोरला पोहोचले आणि तेथेच त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्याला प्रारंभ झाला.

गांधर्व महाविद्यालय

संगीताची शाळा ही कल्पना अगदी नवी नव्हती. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला होता. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली होती आणि स्वरलेखनाचे प्रयोगही केले होते. लाहोरच्या विद्यालयाचे वेगळेपण असे, की त्याच्यामागे कोणताही संस्थानिक नव्हता. लोकांच्या वर्गणीवर आणि जाहीर बैठकींच्या उत्पन्नावर ते चालवावयाचे होते. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. विद्यार्थी येत नसत, तेव्हा विष्णु दिगंबर शाळेच्या ठरलेल्या वेळी एकटेच तंबोरा घेऊन बसत, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. वेळ पाळणे हा पुढे विद्यालयाचा नियमच झाला.

हळूहळू संख्या वाढली. वर्ग, इयत्ता, पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि प्रमाणपत्रे अशी सर्व व्यवस्था आकारास आली. शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी उपदेशकांचा स्वतंत्र वर्ग काढला. त्यातील विद्यार्थ्यांना निवास, भोजन व शिक्षण विनामूल्य मिळे आणि त्याच्या मोबदल्यात ते ठराविक वर्षे विद्यालयाशी बांधलेले राहत. स्त्रियांना व मुलींना संगीत शिकविण्याचीही सोय केली गेली. कुलीन घरातील मुलीने गाणे शिकणे हेच त्या काळी आक्षेपार्ह मानले जाई. विद्यालयातर्फे 'संगीतामृतप्रवाह' हे मासिक निघत असे आणि ग्रंथ छापण्यासाठी स्वतःचा छापखानाही होता.

तालशिक्षण आणि तालवाद्यांचे वर्ग

तालवाद्यांच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. पहिली अडचण सामाजिक. मृदंग किंवा पखवाज यांस देवालयात व कीर्तनात मानाचे स्थान असले, तरी तबला मुख्यतः कलावंतिणींच्या गाण्याला आणि नाचाला साथ करणारे वाद्य म्हणून ओळखला जाई. मुलगा तबला शिकतो, असे सांगण्यास सुशिक्षित पालक धजत नसत. दुसरी अडचण शिक्षणाची. तबल्याचे बोल घराण्यातील पुत्राला किंवा निवडक शिष्याला मुखाने सांगितले जात. कायदे, गती व परणी ही घराण्याची मिरास समजली जाई आणि लिहून देणे म्हणजे ती उधळणे असे मानले जाई.

विष्णु दिगंबर यांनी पहिल्या अडचणीवर शोधलेला उपाय साधा होता. त्यांनी तबल्याला प्रार्थना, भजन आणि शाळेची शिस्त यांच्या सहवासात आणून बसविले. ज्या दालनात सकाळी ईशस्तवन होते, त्याच दालनात तबल्याचा वर्ग भरू लागल्यावर पालकांचा संकोच कमी होणे स्वाभाविक होते. या उपायाला एक काळी बाजूही आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

दुसऱ्या अडचणीसाठी त्यांना जाणकार सहकारी लाभला. मृदंग व तबला या दोन्ही वाद्यांचे अभ्यासक गुरुदेव पटवर्धन हे लाहोरच्या विद्यालयात तालवाद्यांचे अध्यापन करीत. नाना पानसे यांच्या पखवाजपरंपरेशी त्यांचे नाते सांगितले जाते. त्यांनी लिहिलेले 'मृदंग आणि तबला वादनपद्धती' हे पुस्तक तालवाद्यांच्या क्रमबद्ध शिक्षणासाठी लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय. हात कोठे ठेवावा, कोणत्या बोटाने चाटेवर आणि कोणत्या बोटाने शाईवर आघात करावा, कोणता बोल एका हाताचा आणि कोणता दोन्ही हातांचा, या गोष्टी लेखनात आणणे हेच त्या काळी धाडस होते. तबल्याचा 'ता' किंवा 'ना' उजव्या हाताचा, 'घे' डाव्या हाताचा, आणि दोन्ही एकदम वाजले की 'धा' होतो, हे आज पहिल्या धड्यात सांगितले जाते. पण बोल म्हणजे वाद्याची बाराखडी आहे, ती सुटी करून शिकविता येते, ही दृष्टी शालेय पद्धतीनेच सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविली.

गाणाऱ्या मुलांनाही तालापासून सुटका नव्हती. विष्णु दिगंबर यांनी जी स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, तिच्यात प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाचे चिन्ह असते. एका मात्रेसाठी आडवी रेघ, दोन मात्रांसाठी अवग्रहासारखी खूण, चार मात्रांसाठी फुली, अर्ध्या मात्रेसाठी शून्य आणि पाव मात्रेसाठी अर्धचंद्र, अशी तिची योजना आहे. त्याहून सूक्ष्म अंशांसाठीही चिन्हे आहेत. तालाच्या खुणांमध्ये समेसाठी १ हा अंक, खालीसाठी अधिकचे चिन्ह आणि इतर टाळ्यांसाठी त्या ज्या मात्रेवर येतात तिचा अंक लिहितात. सोळा मात्रांचा त्रिताल या पद्धतीने लिहिला, तर पहिल्या मात्रेखाली १, पाचवीखाली ५, नववीखाली अधिकचे चिन्ह आणि तेराव्या मात्रेखाली १३ येते. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत याच जागी अनुक्रमे फुली, २, शून्य आणि ३ या खुणा असतात.

दोन्ही पद्धतींची तुलना अभ्यासकांनी पुष्कळदा केली आहे. भातखंडे पद्धती लिहिण्यास सुटसुटीत आहे आणि म्हणूनच तिचा प्रसार अधिक झाला. पलुसकर पद्धतीत चिन्हांची गर्दी होते, हे खरे आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तिचा एक गुण डोळ्यांआड करता येत नाही. तिच्यात टाळीचा अंक हाच मात्रेचा अंक असल्यामुळे आपण आवर्तनात कोठे आहोत, हे मुलाला सतत समोर दिसते. भातखंडे पद्धतीतील ३ हा अंक वाचणाऱ्या मुलाला ही तिसरी टाळी तेराव्या मात्रेवर आहे, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. नवशिक्यासाठी पलुसकर पद्धती अधिक बोलकी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हाताने टाळी आणि खाली देत ठेका तोंडाने म्हणणे हा या शिक्षणाचा पाया होय. समेवर, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी वाजवावयाची. नवव्या मात्रेवर हात बाजूला फेकावयाचा. ज्या वर्गात वीस मुले आहेत आणि तबल्याची जोडी एकच आहे, तेथे हाच मार्ग शक्य होता. नंतर तोच ठेका तबल्यावर ऐकविला, की मुलाच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते : खालीच्या सुमारास 'धिं' जाऊन 'तिं' येतो, म्हणजे डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि केवळ उजव्या हाताचा कोरडा ध्वनी उरतो, पुढे तेरावी मात्रा ओलांडली की घुमारा परत येतो. हाताने दिलेली खाली आणि कानाला जाणवलेली खाली अशी एकत्र आली, म्हणजे ताल पाठ करावा लागत नाही. मृदंगाची ओळख याच्या पुढची. तबल्याचे दोन भाग वेगळे असतात, मृदंगाच्या एकाच खोडाला दोन तोंडे असतात. तबल्यात दोन्ही पुड्यांवर कायमची शाई असते, तर मृदंगाच्या डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो. त्यामुळेच त्याचा ध्वनी गंभीर होतो. चौतालासारखे ताल आणि ध्रुपदाची साथ हे मृदंगाचे क्षेत्र.

विद्यालयाच्या पुस्तकांपैकी 'संगीत बालप्रकाश' आणि 'बालोदय संगीत' यांची नावेच ती कोणासाठी लिहिली होती हे सांगतात. विष्णु दिगंबर यांच्या नावावर पन्नासाहून अधिक लहानमोठी पुस्तके आहेत. त्यांतील अनेक आता दुर्मीळ झाली आहेत.

मुंबई, कर्ज आणि लिलाव

१९०८ साली विद्यालय मुंबईत सुरू झाले आणि लवकरच तेच कार्याचे मुख्य केंद्र बनले. विद्यार्थिसंख्या वाढली. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा विभागही निघाला. तबल्याची पुडी फाटली, वादी तुटली वा शाई निघाली, की वाद्य अडून राहते. अनेक विद्यार्थ्यांच्या संस्थेत ही नित्याची गरज होती. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून स्वतःची इमारत बांधण्यात आली. जाहीर बैठकी आणि देणग्या यांतून कर्ज फेडता येईल, असा हिशेब होता. तो चुकला. विष्णु दिगंबर यांचा ओढा दरम्यान रामभक्तीकडे वाढत गेला होता आणि व्यवहाराकडे लक्ष कमी होत होते. अखेर १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. ज्या संस्थेने राजाश्रय नाकारला, तिला लोकाश्रय पुरेसा पडला नाही, ही या चरित्रातील सर्वांत कष्टदायक घटना होय. यानंतर ते मुख्यतः नाशिक येथील रामनाम आधार आश्रमात राहिले.

राष्ट्रीय चळवळीशी त्यांचा संबंध या सर्व काळात टिकून होता. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला असताही त्यांनी 'वंदे मातरम्' पूर्ण गायिले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. 'रघुपति राघव राजाराम' या धुनेची प्रचलित चालही त्यांचीच मानली जाते.

शिष्यपरिवार

विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये ही शिष्यांतील ठळक नावे. तालशिक्षणाच्या दृष्टीने मात्र दोन वेगळी नावे नोंदविली पाहिजेत. नारायण मोरेश्वर खरे हे साबरमतीच्या आश्रमात राहिले. आश्रमातील प्रार्थनासंगीताची व्यवस्था आणि आश्रम भजनावलीचे संपादन हे त्यांचे कार्य. आश्रमातील मुलांना त्यांच्यामुळे सामुदायिक गायनाची सवय लागली.

दुसरे विष्णुदास शिराळी. हुबळीचा हा मुलगा विष्णु दिगंबर यांच्या विद्यालयात वाढला आणि पुढे युरोपात नर्तक उदयशंकर यांच्या पथकात सामील झाला. सतार वाजविणाऱ्या शिराळी यांची त्या पथकातील खरी ख्याती तालवाद्यांमुळे झाली. वेगवेगळ्या स्वरांत मिळविलेले अनेक तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांवर सुरावट वाजविणे, म्हणजे तबलातरंग, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. पुढे ते पथकाचे संगीतदिग्दर्शक झाले. युरोपातील वाद्यवृंदात तालवाद्ये बहुधा सर्वांत मागे असतात. उदयशंकरांच्या रंगमंचावर ढोल, मृदंग, झांजा आणि तबलातरंग हे प्रेक्षकांच्या समोर, नर्तकाच्या पावलांशी बोलत असत. शालेय वर्गात टाळी-खाली शिकलेला विद्यार्थी परदेशी रंगमंचावरील वाद्यवृंदाचा सूत्रधार होतो, ही घटना विद्यालयाच्या कार्याची व्याप्ती दाखविते.

मर्यादा आणि आक्षेप

विष्णु दिगंबर यांच्या कार्यावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देताना त्यांनी त्याला भक्तीचे आणि उच्चवर्णीय आचाराचे जे वळण दिले, त्यात ती विद्या शतकानुशतके सांभाळणारे मुसलमान उस्ताद आणि कलावंतिणी मागे पडल्या. तबल्याच्या बाबतीत हे विशेष खटकते. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद ही तबल्याची घराणी प्राधान्याने मुसलमान वादकांनी घडविली. ज्यांनी वाद्य घडविले, त्यांच्या हातून ते सोडवून चांगल्या घरात नेणे, असा या सुधारणेचा एक अर्थ निघतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप कलेच्या अंगाने येतो. समूहाने शिकविलेल्या वर्गात ठेका बिनचूक येतो, पण बोलाचा निकास, म्हणजे बोटातून निघणाऱ्या नादाचा पोत, गुरूसमोर बसल्याशिवाय येत नाही. लिखित मात्रेत लयीचे झुकणे, थांबणे, मागे रेंगाळणे मावत नाही. विद्यालयाच्या वर्गातून थोर तबलावादक फारसे निघाले नाहीत, हे वास्तव आहे. मात्र तबला ऐकणारे, समेवर मान डोलावणारे आणि खाली ओळखणारे श्रोते त्यातून मोठ्या संख्येने तयार झाले. लाहोरच्या शाळेत ज्यांची नावे घातली गेली, त्यांपैकी बहुतेकांना वादक व्हावयाचे नव्हतेच.

अखेर आणि नंतरचे कार्य

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे, जेथे त्यांचे शिक्षण झाले त्याच गावी, त्यांचे निधन झाले. अनेक अपत्ये बालपणीच गेल्यानंतर राहिलेला एकुलता एक पुत्र दत्तात्रेय त्या वेळी दहा वर्षांचा होता. द. वि. पलुसकर (१९२१–१९५५) या नावाने तो पुढे भजन व ख्यालगायक म्हणून कीर्तीस चढला आणि ऐन उमेदीत निवर्तला.

गुरूच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात, तर १९३९ मध्ये विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. भारतीय टपाल खात्याने १९७३ साली विष्णु दिगंबर यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत घेतल्या जातात. त्यांत गायनाप्रमाणेच तबला व पखवाज यांचे स्वतंत्र पाठ्यक्रम आहेत. विदर्भातील लहान गावांतूनही मुले या परीक्षांना बसतात, आणि प्रारंभिकच्या परीक्षकासमोर बसलेल्या मुलाला हाताने टाळी-खाली देऊन त्रिताल म्हणून दाखवावा लागतो.